बरबॉटला पाठवलेल्या तारा

व्हॅलेहो, ९ मार्च १९७५

प्रिय वेंडेल,

डॅडी हॉस्पिटलमध्ये आहेत. हे वाक्य आधी लिहावं की शेवटी, या विचारात सकाळपासून बरेच कागद फाडले. मग लक्षात आलं, तू हे वाचशील तेव्हा तुला ते ठाऊकच असेल. बोट धक्क्याला लागेल, कुणीतरी तुला बाजूला घेऊन सांगेल, आणि मग पत्रांचं गाठोडं तुझ्या हातात पडेल. म्हणजे या पत्रात बातमी अशी काही नाहीच. तरी मी का लिहिते आहे? तू पाण्याखाली असताना इथं जे घडतंय त्याला कुणीतरी साक्षी असावं म्हणून, असं लिहिणार होते. पण ते फार छान वाटायला लागलं, म्हणून खोटं असावं. मला एकटीला हे झेपत नाहीये, हे जास्त खरं.

फुफ्फुसं गेलीत. डॉक्टर पेलेग्रिन म्हणतात, उन्हाळा दिसणार नाही. डॅडींना त्यांनी सांगितलं तेव्हा डॅडी म्हणाले, "बरं झालं, उन्हाळ्यात गवत कापायला लागतं."

तुला कळवावं म्हणून मी मिसेस ऑस्ट्रँडरकडे गेले होते. बोटीवरच्या माणसांच्या घरच्यांचं सगळं तीच बघते, तुला माहीत आहे. तिनं कॉफी दिली, दालचिनीचा केक दिला, आणि मग सांगितलं की निघण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतात, घरी काही बरंवाईट झालं तर समुद्रात असताना सांगायचं की परत आल्यावर. तू म्हणालास, परत आल्यावर.

मी म्हटलं, त्याचं मत बदललं असेल. ती म्हणाली, "लॉर्ना, सांगितलं तरी तो येणार कसा? ती बोट कुणासाठी मागं फिरत नाही. कॅप्टनची आई गेली तेव्हाही फिरली नव्हती. नुसतं तिथं बसून कुढायचं, दार उघडून बाहेरही पडता येत नाही. तुझ्या भावानं शहाणपणाच केलाय."

शहाणपणा की राग? मागच्या थँक्सगिव्हिंगनंतर तू डॅडींशी एक शब्द बोलला नाहीस. टर्की अजून कापायची होती. तू सांगितलंस, मला बरबॉट मिळाली, आणि डॅडी खाली बघत म्हणाले, "त्या बोटीवर? तुझी लायकी नाही." तू बशी सरकवलीस आणि गेलास. मी दोघांच्या मधे बसले होते आणि काहीच बोलले नाही. मी बोलले असते तर काही झालं असतं का, याचा विचार मी पुष्कळ करते. बहुधा नसतं.

तुझी,
लॉर्ना


१६ मार्च

प्रिय वेंडेल,

आज डॅडींना जरा बरं होतं. डब्यातले पीच खाल्ले आणि नर्सला सांगितलं की डब्याची कड नीट कापलेली नाही.

खिडकीतून खाडीपलीकडची गोदी दिसते, जिथं त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांनी पलंग फिरवून घेतलाय. मला वाटलं गोदी बघायला, पण त्यांनी पाठ गोदीकडे केलीय.

मी मुलांना इतिहास शिकवते आणि आपल्या घराला ज्या बोटीनं खाल्लं तिचा इतिहास मला येत नाही. मला येतं ते एवढंच, जे फेरीबोटीतून जाणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. बरबॉट पाण्यात सोडली तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. मम्मीनं निळी हॅट घातली होती. तू म्हणालास, ही मासा गिळलेल्या सापासारखी दिसते, कारण पाठीवर तो मोठा फुगवटा होता, क्षेपणास्त्रं ठेवायला. डॅडींनी तुला खांद्यावर घेतलं. तेरा वर्षांच्या घोड्याला. आणि कुठला सांधा त्यांनी जोडलाय ते दाखवलं. त्या दिवशी विचारलं ते सगळं ते सांगत होते.

मग ती क्षेपणास्त्रं जुनी झाली. बोट परत आली, आणि तिच्याभोवती ताडपत्रीचे पडदे लागले. वर्तमानपत्रात आलं, समुद्रशास्त्राचं संशोधन. तिला मधोमध कापलं होतं हे लपवता येण्यासारखं नव्हतं, कारण ती परत निघाली तेव्हा लांबीनं वाढलेली होती. पोटाखाली पाय बसवले होते, बर्फावरच्या घसरगाडीला असतात तसे. माझ्या वर्गातल्या मुलानं विचारलं, पाणबुडीला पाय कशाला? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. घरी येऊन डॅडींना विचारलं. ते म्हणाले, "दमली तर बसायला."

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर असंच. मम्मी विचारायची, आज काय केलंत? "एक लोखंड दुसऱ्याला चिकटवलं." काल काय केलंत? "तेच, उलट्या बाजूनं." आधी आम्ही हसायचो. मग मम्मीनं विचारणं सोडलं. ती गेली त्या वर्षी मला म्हणाली होती की नवऱ्याची दुसरी बाई असती तर निदान तिचं नाव तरी विचारता आलं असतं.

ते काम काय होतं ते मला अजूनही माहीत नाही. आणि तुझंही तसंच. तू तर त्याच बोटीत राहतोस, पण मागं, यंत्रांपाशी. एकदा तू म्हणाला होतास, पुढं एक दार आहे, त्यातून मी जात नाही. मी विचारलं, पलीकडे काय आहे? तू अगदी डॅडींसारखं तोंड केलंस.

लॉर्ना


२८ मार्च

प्रिय वेंडेल,

आता ते बरळतात. औषधामुळे. मंगळवारी मी उशी नीट करत होते तर म्हणाले, "दिवा बाजूला घे, सांधा बघू दे." मग आकडे, जाड्या, कुणाकुणाची नावं. मला एक अक्षर कळलं नाही. मी हात धरून बसले. किती वर्षांनी ते कामाबद्दल बोलत होते, आणि मी खरं सांगते, मला आनंद झाला होता.

दुपारी डॅडींचा गोदीतला जोडीदार, मेल ब्रँडव्होल्ड आला. बरोबर खुर्ची आणि रेडिओ घेऊन. दारातच उभा राहून टोपी चुरगाळत होता. "लॉर्ना, पोरी, तू आता जरा बाहेर बसायचंस."

मला वाटलं थोडा वेळ. तसं नव्हतं. पडद्यामागं काम केलेल्या माणसांची ही रीतच आहे म्हणे. त्यांच्यातला कुणी बेशुद्ध पडणार असेल, भूल घेणार असेल, तर दुसरा जाऊन खाटेशी बसतो. त्यानं ऐकलं तर चालतं, इतर कुणी ऐकलेलं चालत नाही. मेल म्हणाला, डॅडीही असे बसलेत. हॅनिगन पोटाच्या ऑपरेशनला गेला तेव्हा. आपल्याला सांगितलं होतं, मासे धरायला चाललोय. तुला आठवतं का, एकही मासा न आणता आले आणि मम्मी किती हसली?

आता असं चालतं. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर. आत मेल. नर्स आत गेली आणि डॅडी बोलायला लागले की मेल रेडिओ मोठा करतो. बेसबॉलचे सराव सामने चालू आहेत. दाराबाहेर मला ऐकू येतो तो एका अनोळखी माणसाचा आवाज, कोण धावला, कोण बाद झाला, आणि त्याखाली कुठंतरी डॅडी.

मी मेलशी भांडले. म्हटलं, मी त्यांची मुलगी आहे. तो म्हणाला, "म्हणून तर. उद्या तुला कुणी विचारलं तर तुला खोटं बोलता येणार नाही. तुझं तोंड लगेच लाल होतं." ते बरळत नसतात तेव्हा मला आत बोलावतो. तेव्हा ते झोपलेले असतात, नाहीतर दुधाबद्दल बोलतात.

लॉर्ना


४ एप्रिल

प्रिय वेंडेल,

तुला जाणाऱ्या तारेत चाळीस शब्द मावतात आणि तुझ्याकडून एकही परत येत नाही. वाईट काही लिहायचं नाही, गुपित वाटेल असं काही लिहायचं नाही. आतापर्यंत मी हवा, मांजर आणि शाळेतली नाटकं यांवर भागवलं. या आठवड्यात मी लिहिलं: डॅडी तुझी आठवण काढतात. म्हणतात, तुझ्यावर राग नाही. सांभाळून राहा.

हे ते म्हणाले नव्हते. म्हणजे माझ्यासमोर नाही. पण त्यांच्या मनात होतं, असं मी धरून चालले. माणूस मरणाच्या दारात असताना त्याच्या मनात काय आहे ते दुसऱ्यानं ठरवावं का, हा प्रश्न मला पडला आणि मी तो बाजूला सारला. वेळ कमी होता.

तारा आधी मिसेस ऑस्ट्रँडर वाचते. तिनं कागद परत केला. मी विचारलं, यात वाईट काय आहे?

"तुझे डॅडी याआधी कधी त्याची आठवण काढायचे?"

"बोलून दाखवत नव्हते."

"मग आत्ताच का दाखवतात, असं त्याला वाटेल. वाईट बातमी लपते गं, अशी एकदम आलेली माया लपत नाही. मागच्या खेपेला एका पोराच्या बायकोनं तारेत सासूचं कौतुक केलं. त्यानं तिथल्या तिथं ओळखलं, आई गेली. नंतर आठवडाभर तो कामाचा राहिला नाही." मी कागद उचलला, तेव्हा ती म्हणाली, "माझा राग आला तरी चालेल. दर आठवड्याला कुणाला तरी येतो."

तिचं चुकत नव्हतं, हेच वाईट. आपल्या घरात भांडण हीच खुशाली. तू ठीक राहावास म्हणून डॅडींनी तुझ्यावर चिडलेलं असायला हवं.

मी तिच्याच टेबलावर दुसरी लिहिली: डॅडी म्हणतात, तुझा ट्रक अंगणात तेल गाळतोय. आल्यावर काँक्रीट तूच घासायचं.

हे मात्र ते खरंच म्हणाले होते, जानेवारीत. मिसेस ऑस्ट्रँडर हसली आणि तिनं सही केली.

लॉर्ना


२० एप्रिल

प्रिय वेंडेल,

डॅडी अकरा तारखेला, शुक्रवारी दुपारी गेले. मी बाकावर होते. आत सामना चालू होता. मग रेडिओ बंद झाला, आणि मला वाटलं, आता मला आत बोलावतील.

मेलनं त्यांचे डोळे मिटले होते. केस ओले करून नीट विंचरले होते, कामावर जाताना विंचरायचे तसे. मी विचारलं, शेवटी काही बोलले का?

तो म्हणाला, "वेंडेलबद्दल बोलले. बराच वेळ."

"काय?"

त्यानं कंगवा पुसून खिशात ठेवला. मग म्हणाला की ते सगळं बोटीत मिसळलेलं आहे. पोरगा आणि बोट एकाच वाक्यात, एकात एक. पोराचं तेवढं वेगळं काढून मला देता येत नाही. दिलं तर बोटीचं सोबत येतं. तो रडत होता, वेंडेल. पाच मुलांचा बाप, एवढा मोठा माणूस.

मी म्हटलं, मला नको सांगू, वेंडेल आल्यावर त्याला सांग. तो तर बोटीवरचाच आहे. मेलनं मान हलवली. तू मागचा. हे पुढच्या दारापलीकडचं आहे. तुलाही सांगता येत नाही.

थँक्सगिव्हिंगला डॅडी तुला तसं का म्हणाले असतील याबद्दल मला आता एक शंका येते. ती इथं लिहीत नाही. हे कागद माझ्यानंतर आणि तुझ्याआधी दुसरं कुणीतरी वाचतं.

बुधवारी पुरलं, मम्मीशेजारी. गुरुवारी तार द्यायचा दिवस. न दिली तर तुला संशय येईल. मी लिहिलं: डॅडी म्हणतात, हॅनिगनच्या पोरानं तुझ्यापेक्षा बरं कुंपण लावलं, आणि तो तर डावखुरा आहे.

हे ते कधीच म्हणाले नव्हते. मी लिहिलं आणि ते बरोबर त्यांच्या आवाजात आलं.

लॉर्ना


११ मे

प्रिय वेंडेल,

अजून तारा देते आहे. डॅडींना तुझ्या केसांबद्दल तक्रार आहे. डॅडी म्हणतात, नौदलाचं जेवण खाऊन माणूस सैल होतो. डॅडींनी तुझा रेंच घेतलाय आणि ते परत देणार नाहीत. मला हे जमतं. लिहायला लागले की सुचत जातं. मग मी स्वयंपाकघरात उभी राहते आणि मला कळत नाही की मी तुला सांभाळते आहे की त्यांना मरू देत नाहीये.

थांबवायचं म्हटलं तर कसं थांबवू? एकदम गप्प झाले तर तुला कळेल. गोड झाले तरी कळेल. तेव्हा ते कुरकुरत राहतात.

लॉर्ना


व्हॅलेहो, २२ जून

वेंडेल,

हे पत्र नौदलाच्या कचेरीतून येत नाही, मधे कुणी वाचणार नाही. मेल गोदीत तुझ्या हातात देईल, असं म्हणालाय. तू घेशील की नाही माहीत नाही.

बोट परत आली त्या दिवशी धक्क्यावर पाद्री नको असं मीच सांगितलं होतं. पाद्री दिसला की सगळी बोट ओळखते, आणि जो तो मनात म्हणतो, माझ्यासाठी नसो. म्हटलं, मी सांगेन. तू फळीवरून उतरलास तेव्हा हसत होतास. किती दिवसांनी तुला हसताना बघितलं. तू माझ्यामागं बघत विचारलंस, "म्हातारा कुठाय? मी म्हटलं घासायचा ब्रश घेऊनच उभा असेल."

मग मी सांगितलं.

तू तारीख विचारलीस. मी सांगितली. तू मनातल्या मनात मोजलंस, मला दिसत होतं, कुठल्या तारा त्या आधीच्या आणि कुठल्या नंतरच्या. तू म्हणालास, "मी त्या बिछान्याजवळ चिकटवल्या होत्या. कुंपणवाली सगळ्यांना वाचून दाखवली. म्हटलं, म्हातारा नरमला बघा." आणि मग, "मी तिथं पडल्या पडल्या त्याला उत्तरं देत होतो, लॉर्ना. रोज."

तू परत फळीवरून वर गेलास. तेव्हापासून बोटीवरच राहतोस, सुट्टी असूनही. त्याबद्दल मी काही बोलत नाही. मी क्षमाही मागत नाहीये. मागावी असं वाटतं, पण पुन्हा तीच वेळ आली तर मी दुसरं काय केलं असतं ते मला सापडत नाही, आणि न सापडता क्षमा मागणं बरं दिसत नाही. ट्रकची तेवढी त्यांची होती. बाकीच्या माझ्या.

पण हे त्यासाठी लिहीत नाही.

मेल गप्प बसला नाही. तो आपल्या वरच्या लोकांकडे गेला आणि म्हणाला, एक माणूस मरताना आपल्या पोराबद्दल बोललाय, ते माझ्याजवळ पडून आहे, त्याचं मी काय करू. त्यांनी त्याला बसवून घेतलं. त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि समोरचा माणूस एकेक शब्द ऐकून म्हणत गेला, हे नाही. हेही नाही. मेल म्हणतो, तो माणूस दुष्ट नव्हता. एका वाक्याशी तो बराच थांबला होता. पण शेवटी म्हणाला, नाही.

काल मेल आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी कॉर्नब्रेड केला होता, त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "परवानगी आली. वेंडेलचं नाव घेतलं, एवढं सांगता येईल."

मी वाट बघत राहिले. मग कळलं, तेवढंच.

मला हसू आलं की काय आलं, सांगता येत नाही. मी म्हटलं, मेल, तुला माझी शंका सांगते. डॅडींनी ती बोट स्वतः बांधली. ती समुद्रात कुठं जाऊन बसते आणि तिथून उठताना काय होऊ शकतं, ते त्यांना ठाऊक होतं. पोराला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि का ते सांगता येत नव्हतं, म्हणून सांगता येण्यासारखी एकच गोष्ट सांगितली, की तुझी लायकी नाही. असं होतं का?

मेल खिडकीबाहेर बघत राहिला. हो म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. तेव्हा हे माझं अनुमान आहे, वेंडेल. त्याला पुरावा नाही, मिळणारही नाही. वर्गातल्या मुलानं असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

जायला उठला तेव्हा तो दारात थांबला. म्हणाला, "काय बोलले ते वरच्यांचं आहे. पण नाव कसं घेतलं, ते त्यांनी विचारलंच नाही. ते गुपित नाही. ते माझं आहे, मी ते देऊ शकतो."

आणि त्यानं तुझं नाव घेतलं. डॅडींनी घेतलं तसं, त्याच आवाजात, त्याच जागी थांबून. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच.

कालपासून मी ते कागदावर उतरवायला बघते आहे. चाळीस शब्द काय, चारशे वापरून बघितले. रागावून नव्हतं. बोलावण्यासारखं नव्हतं, मागण्यासारखंही नव्हतं. प्रत्येक शब्दानं ते थोडं खोटं होतं, आणि तुला आता माझ्याकडून आणखी खोटं नको.

मेल शनिवारी घरी असतो. तुला माझ्याशी बोलायला लागणार नाही. मी बाहेर बसेन, मला सवय आहे. तू नुसता जा आणि त्याला सांग, म्हणून दाखव. मी इथं लिहिलं तर "वेंडेल" एवढंच दिसतं, आणि ते तसं नव्हतं.

लॉर्ना